भांडायला बरोबरीचा माणूस हवा

मुली मोबाईलवर प्रेमकथा वाचतात, याची आपल्या मोहल्ल्यात सध्या मोठी फिक्र आहे. बयानात, पालकसभेत, लग्नाच्या मांडवात एकच तक्रार: या कथांनी पोरी बिघडतात. मी राजूरला उर्दू आणि मराठी शिकवते. वणीजवळचं, कोळसा खाणीचं आणि चुनाभट्ट्यांचं राजूर. मुली काय वाचतात हे मला ठाऊक आहे, कारण मीही ते वाचते. तक्रार करणाऱ्यांपैकी किती जणांनी यातली एक तरी कथा शेवटपर्यंत वाचली आहे, हा माझा पहिला सवाल.

सध्या सगळ्यांत जास्त वाचला जाणारा साचा म्हणजे ऑफिसातल्या दुष्मनांची मोहब्बत. पहिल्याच दिवशी दोघांचा खटका उडतो. तो तिची चूक काढतो, ती त्याचा हिशेब खोटा पाडते, आणि भांडता भांडता दोघं एकमेकांना ओळखू लागतात. सॅली थॉर्न यांची इंग्रजी कादंबरी 'द हेटिंग गेम' (२०१६) अशीच आहे: विलीन झालेल्या प्रकाशनसंस्थेत समोरासमोर बसणारे दोघं आणि बढतीची जागा एकच. उमेरा अहमद यांच्या कादंबरीवरची 'जिंदगी गुलजार है' ही मालिका २०१४ मध्ये भारतात दाखवली गेली, तेव्हा आपल्या कितीतरी घरांत ती पाहिली गेली. त्यातली कशफ गरीब घरातली, फटकळ आणि हुशार. श्रीमंत झारूनशी तिचं वैर वर्गातच सुरू होतं. पुढं ती सरकारी अधिकारी होते.

मुलींना यात काय आवडतं? लोक म्हणतात, चाळे. मी म्हणते, वाद. आपल्या घरांत मुलीला रागावतात, समजावतात, लाडही करतात. पण तिच्याशी वाद कोण घालतं? वाद घालायचा तर आधी समोरच्याचं ऐकावं लागतं. या कथांमधला दुष्मन नेमकं तेच करतो. चूक शोधण्यासाठी का होईना, तो तिची फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो. तिचा एकेक शब्द त्याच्या लक्षात राहतो.

आता आपल्याकडचं रिश्ता बघणं आठवा. चहा, बिस्किटं आणि अर्धा तास. उंची, रंग, स्वयंपाक, आणि आजकाल पगारही. तिचं मत कुणी विचारत नाही. तो शिपायाशी कसा बोलतो, दुसऱ्याच्या कामाचं श्रेय लाटतो का, हेही तिला कळत नाही. कथेतल्या मुलीला हे सगळं लग्नाआधी कळलेलं असतं. तिचा हेवा वाटला तर त्यात बेहयाई कसली?

हजरत खदीजा (र.) व्यापार करत. हजरत मुहम्मद (स.) त्यांचा माल घेऊन शामला गेले. ती अमानतदारी पाहून निकाहचा पैगाम खदीजांकडून गेला. त्या पाक जीवनाशी कादंबऱ्यांची बरोबरी मी करत नाही. एवढंच म्हणते की माणूस त्याच्या कामातून पारखणं आपल्याला परकं नाही. निकाहला मुलीची रजामंदी लागते, आणि अनोळखी माणसाला दिलेली रजामंदी अर्धीच असते.

पण याच साच्याचा बुरखा घातलेल्या दुसऱ्या कथाही आहेत, आणि माझं खरं भांडण त्यांच्याशी आहे. २०११ मध्ये स्टार प्लसवर सुरू झालेली 'इस प्यार को क्या नाम दूँ' आठवा. अर्णव कंपनीचा मालक, खुशी त्याच्याकडे नोकरीला. तो अपमान करतो आणि मागं गोड संगीत वाजतं. पुढं तो तिला सहा महिन्यांच्या लग्नाला भाग पाडतो. याला दुष्मनी म्हणत नाहीत. दुष्मनीला ताकद बरोबरीची लागते. मालक आणि नोकर यांच्यात असते ती दहशत. मोबाईलवरच्या कथांत असे खडूस बॉस ढिगानं भेटतात.

आमच्या मुली उद्या वणीला, चंद्रपूरला, नागपूरला दुकानांत आणि दवाखान्यांत कामाला लागतील. तिथं साहेबानं अंगचटीला येऊन वर दमही दिला, तर त्या त्याला काय नाव देतील? कायद्यानं नाव दिलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७ चा, कायदा २०१३ चा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं तक्रार समिती हवीच. माणसं कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मोबाईल हिसकावणाऱ्या किती बापांनी लेकीला हे सांगितलं? तिनं घरी तोंड उघडलं तर उत्तर तयार असतं: नोकरी सोड. म्हणून ती तोंड उघडत नाही.

मुलींनो, कथा वाचताना एकच सवाल विचारा: ती 'नाही' म्हणाली तर तिची नोकरी टिकेल का? टिकणार असेल तर खुशाल वाचा, मजा घ्या. टिकणार नसेल तर ती प्रेमकथा नाही, कितीही गोड लिहिलेली असो.

आणि बुजुर्गांनो, मोबाईल हिसकावू नका. त्यापेक्षा लेकीशी वाद घाला. तिला कारणं द्या, तिची कारणं ऐका, आणि तिचं बरोबर असेल तेव्हा हार माना. घरात ज्या मुलीचं म्हणणं ऐकलं जातं, तिला अपमान आणि मोहब्बत यातला फरक शिकवावा लागत नाही.