परसातील बारमाही भाजी

वसईची वाडी केळी, पानवेल व भाजीपाला यांसाठी प्रसिद्ध आहे. आता इमारतींमुळे वाड्या आक्रसत असून उरलेल्या परसाचे मोल वाढले आहे. अशा जागेत एकदा लावून अनेक वर्षे उत्पन्न देणाऱ्या भाज्यांना अग्रस्थान देणेच हितावह होय.

कुंपणाशी शेवगा लावावा. शेंगा निघाल्यावर त्याची छाटणी करावी. तोंडलीत नर व मादी वेल निराळे असतात. म्हणून भरपूर फळणाऱ्या वेलाचीच छाट कलमे मांडवाखाली लावावीत. साबणविरहित सांडपाण्यावर अळू जोमाने वाढते. किनाऱ्यालगत विहिरींच्या अतिउपशाने पाणी खारावते. तेथे ही काटकसर अत्यावश्यक आहे.

रोज तीच भाजी नको, असा आक्षेप घेतला जातो. परंतु पावसाळ्यात भाजी महागते तेव्हा हेच परस घर सावरते. ग्रामकार्यकर्त्यांनी उपदेशाबरोबर चांगली कलमेही घरोघरी पोचवावीत.