वजनकाट्यावरची सृष्टी

गणपतीपुळ्याला समुद्राकाठचा अवघा डोंगरच गणपतीचे रूप मानला जातो आणि भाविक त्या डोंगराला प्रदक्षिणा घालतात. आपली श्रद्धा वेगळी आहे. तरीही जे आपण घडविलेले नाही त्याच्याभोवती आदराने पावले टाकावीत, ही वृत्ती ख्रिस्ती मनाला परकी वाटू नये.

मात्र एवढ्या आधारावर कोणी 'जनुकांना हात लावणे म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ' असा निवाडा देऊ लागला, तर तो मला मान्य नाही. रानडुकराचे पाळीव डुक्कर माणसानेच केले, आणि लग्नाच्या पंगतीत सोरपोतेलावर ताव मारताना आपल्यापैकी कोणाला त्याची टोचणी लागलेली मी पाहिलेली नाही. आक्षेप घ्यायचा तर तो नेमका घ्यावा. प्राण्यात बदल कशासाठी केला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे विचारावे.

प्राण्यांच्या शरीरात मायोस्टॅटिन नावाचे प्रथिन असते. ते स्नायूंच्या वाढीला लगाम घालते. १९९७ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी उंदरांतील त्याचे जनुक निकामी केले, तेव्हा त्यांचे स्नायू दुपटीहून अधिक भरले. २०१५ साली दक्षिण कोरिया व चीन येथील शास्त्रज्ञांनी हाच लगाम डुकरांत तोडला. ३२ पिले जन्मली. आठ महिने जगली ती १३. हे वृत्त प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांतील दोनच हयात होती, आणि धडधाकट म्हणावे असे एकच. पिले इतकी थोराड होती की डुकरिणींना प्रसूतीच जड गेली.

हा प्रारंभीचा प्रयोग होता, दोष क्लोनिंगच्या तंत्राचाही असेल, असा खुलासा कोणी करील. तो मी ऐकून घेतो. परंतु बेल्जियन ब्लू या जातीच्या गाईंत हाच बदल निसर्गतः झाला आणि माणसाने तो पिढ्यान्‌पिढ्या जोपासला. त्या गाईंची बहुतेक वासरे आजही पोट फाडूनच बाहेर काढावी लागतात. पिएत्रें जातीची डुकरे अशीच भरदार मांसासाठी निवडली गेली; त्या मांसाबरोबर जनुकातील एक दोषही आला, आणि गाडीत चढविण्याच्या ताणानेही जनावरे दगावू लागली. तेव्हा तंत्र जुने असो वा नवे, केवळ वजनकाट्याकडे पाहून केलेल्या निवडीचा भोग जनावराच्या वाट्याला येतो, हे पुन्हा पुन्हा दिसले आहे. जनावरांचा अन्नासाठी उपयोग करण्याची मुभा ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ देतो; त्यांना विनाकारण यातना देणे मात्र मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवितो. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात हीच मर्यादा पुन्हा आखून दिली.

ही गोष्ट आता परदेशाची राहिलेली नाही. मे २०२५ मध्ये काश्मीरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठाने मायोस्टॅटिनचे जनुक संपादित केलेले भारतातील पहिले मेंढरू जाहीर केले. स्नायू सुमारे ३० टक्क्यांनी वाढतील, असे सांगितले गेले. उद्या डुकरांची पाळी येईल, आणि 'भुकेल्यांना प्रथिने' हीच घोषणा आपल्या कानी पडेल.

ती घोषणा तपासून घ्यावी. गरिबाचे डुक्कर खरकट्यावर आणि कोंड्यावर वाढते. दुप्पट स्नायूंच्या जनावराला खुराक, औषधे आणि वेळप्रसंगी शस्त्रक्रिया हवी. ती त्याने कोठून आणावी? २०२० साली आफ्रिकन स्वाइन फीव्हरने आसामातील डुक्करपालकांची दावण रिकामी केली, तेव्हा त्यांना हवी होती ती लस, पशुवैद्य आणि भरपाई. अमेरिकेत २०२५ साली एका विषाणूजन्य रोगाला दाद न देणाऱ्या संपादित डुकरांना मान्यता मिळाली. त्या प्रयोगाला मी याच मापाने मोजणार नाही. तेथे जनावराचे दुःख कमी करण्याचा हेतू तरी आहे. बियाण्याची मालकी कोणाकडे राहते, हा प्रश्न मात्र तेथेही विचारावाच लागेल.

दुसरी वाट आपल्या महाराष्ट्रातच आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गारोळ मेंढीतला जुळ्यांचा गुण संकराने दख्खनी मेंढीत आणला आणि धनगरांच्या कळपांत त्याची परीक्षा घेतली. जुळी कोकरे जगतात का आणि ती पाळणे मेंढपाळाला परवडते का, हे तेथे पाहिले गेले. गोव्याच्या 'आगोंद गोवन' या डुकराची देशी जात म्हणून शासनदरबारी नोंद झाली आहे. आपल्याच किनाऱ्यावर तगलेल्या त्या जातीवर किती कष्ट आणि पैसा खर्च होतो, हे आपण कधी विचारले आहे काय?

उधळ्या पुत्राचा दाखला आपण दर वर्षी ऐकतो. देशात दुष्काळ पडला होता, तरीही डुकरांच्या पुढ्यात शेंगा होत्या. उपाशी राहिला तो त्यांना चारणारा माणूस, कारण त्याला कोणी काही देत नव्हते. त्या कळपातील प्रत्येक डुकराचे वजन दुप्पट झाले असते, तरी त्याच्या हातावर एक शेंग अधिक पडली नसती.