घोड्याच्या नाकपुडीत हाड नसतं

चौकातला अश्वारूढ पुतळा बघताना लोक स्वाराचा चेहरा बघतात, तलवारीची मूठ बघतात, घोड्याने कोणता पाय उचललाय यावरून हमरीतुमरीवर येतात. माझी नजर आधी घोड्याच्या नाकावर जाते. मातीकामात हयात गेली, आता ही खोड सुटायची नाही. आणि बहुतेक चौकांत पदरी निराशाच पडते. घोडा चौखूर उधळलेला, आयाळ वाऱ्यावर, मानेच्या शिरा तटतटलेल्या. नाकपुडी मात्र ओल्या मातीत बोट खुपसून पाडलेलं भोक. असा घोडा वेशीपर्यंतसुद्धा धावायचा नाही.

घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. दौडीत लागणारी सगळी हवा नाकातूनच आत जायची, म्हणून धावत्या घोड्याची नाकपुडी फाकते, गोल होते आणि तिची कड कातडीखाली उठून दिसते. ही कड हाडाची नसते, कूर्चेची असते. ती ताणली की वाकते, ताण सुटला की जागेवर येते. घोड्याची कवटी समोर ठेवून नाक घडवायला बसलात तर हाती काही लागत नाही, कारण नाकाच्या जागी नुसती लांब खाच उरलेली असते. मांसाबरोबर कूर्चाही कुजून गेलेली असते.

आमच्याकडे शरीररचना शिकवताना आधी हाडं शिकवतात, मग स्नायू, आणि तिथे पुस्तक मिटतं. कूर्चेला परीक्षेत गुण नाहीत. ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलांचा मी मातीचा तास घेते. मध्यंतरी एकाने राक्षस करून आणला. दंडाचे स्नायू बिनचूक, पाठ सुरेख, आणि कान थेट कवटीतून फुटलेले. विचारलं तर म्हणतो, "मॅम, राक्षसच तर आहे, त्याचे कान कोण बघणार?" म्हटलं, "स्वतःचा कान दुमड आणि सोड." सोडला, कान जागेवर आला. "आता तुझ्या राक्षसाचा दुमडून दाखव." वर्ग हसला, तो हसला नाही. पण पुढच्या आठवड्यात त्याने जो कान आणला, तो राक्षसाला घाबरवतासुद्धा येईल असा होता. घाबरलं की कान मागे पडतात ना!

कान उभे की पडलेले, हे कवटी सांगत नाही. हत्तीच्या कानाची वरची कड वयाबरोबर दुमडत जाते आणि त्यावरून त्याच्या वयाचा अंदाज बांधतात. गणपती घडवणाऱ्याने एकदा तरी म्हाताऱ्या हत्तीचा कान जवळून बघावा.

हत्ती दूरचा वाटत असेल तर रविवारी मटणाच्या दुकानात जा. "ताई, सीन्याचं देऊ का? कुरकुरीत हाड आहे," असं विचारणारा खाटीक माझ्या लेखी शरीररचनेचा चांगला मास्तर आहे. सीन्याचा एक तुकडा न शिजवता हातात घेऊन बघा. बरगडीचं हाड एका रेषेवर थांबतं आणि तिथून दुधी, किंचित निळसर, ओलसर चकाकीचा भाग सुरू होतो. हाडावर सुरी अडते, इथे सरळ उतरते. दोन बोटांत धरून वाकवा, सोडा, परत येतो. माणसाच्या बरगड्यांच्या बारा जोड्या. वरच्या सात आपापल्या कूर्चेने छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या, पुढच्या तीन वरच्या बरगडीच्या कूर्चेला धरून, शेवटच्या दोन मोकळ्या. हा लवचीक दुवा आहे म्हणून छातीचा पिंजरा श्वासागणिक उचलतो. गेममधली पात्रं श्वास घेताना फक्त खांदे वरखाली करतात, ती का खोटी वाटतात याचं उत्तर त्या तुकड्यात आहे.

या विषयात आपल्याकडचा एक कारागीर जगाच्या पुढे होता. बैलगाडीवान कावसजी टिपूच्या कैदेत सापडला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याच्या एका वीटकरी कारागिराने त्याला नवं नाक बसवलं आणि त्याची हकिगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आली. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घ्यायचा, तो उलगडून कपाळावर ठेवायचा, कडेने आखायचं, तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची. पद्धत सरळ मूर्तिकाराची आहे. मला त्यातला पुढचा तपशील जास्त मोलाचा वाटतो: नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालत. कातडी आणली, पण तिला आतून तोलणारी कूर्चा कुठून आणायची? हा प्रश्न पुढे शल्यवैद्यांनी सोडवला. आज ज्या मुलाला जन्मतः बाहेरचा कान नसतो, त्याच्याच बरगडीची कूर्चा काढून सर्जन त्यातून कानाचा सांगाडा कोरतात, एकेक वळण धरून, आणि कातडीखाली बसवतात. शिल्पकलेचा याहून कडक पेपर मला माहीत नाही.

पडद्यावरच्या प्राण्यांचंही तेच. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, म्हणून तर मुशी खाताना काटा लागत नाही. लाखो वर्षांपूर्वीच्या अजस्र मेगालोडॉनचे मुख्यतः दात आणि काही मणके सापडले. २०१८ च्या 'द मेग'मध्ये दिसलेला बाकीचा देह हा तर्क आणि कल्पना यांचा खेळ. तर्काला माझी हरकत नाही. तर्क करणाऱ्याने निदान आजची मुशी चिरून बघितलेली असावी.

पुण्यात शिल्पकार करमरकरांनी १९२८ साली उभा केलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा आहे. मुलांना मी तिथे नेते आणि आधी घोड्याभोवती फिरायला लावते. तेव्हा घोडा रस्त्यावर रोज दिसत होता. आताच्या शिल्पकाराला तो मोबाइलवर दिसतो, तेही बहुधा दुसऱ्या पुतळ्याच्या फोटोत. मग चुकीची नक्कल आणि नकलेची नक्कल, असं चालू राहतं.

मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जे.जे. स्कूल ऑफ आर्ट त्याहून जुनं, १८५७ चं, आणि त्याच शहरात. कलाशाखेच्या आणि ॲनिमेशनच्या मुलांचे वर्षातले चार तास तरी शवविच्छेदनाच्या टेबलाशी जायला हवेत. वेळापत्रकात त्याला जागा करणं अवघड नाही. पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला सरकारी मान्यता लागते, तेव्हा पोशाख, शस्त्रं, चेहरेपट्टी यांची कसून तपासणी होते, आणि व्हायलाच हवी. त्या वेळी घोड्यापाशी एक पशुवैद्य उभा करा. त्याच्या मानधनाचा खर्च चौथऱ्याच्या ग्रॅनाइटपेक्षा कमीच येईल.