अवसर

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी पोहे खाता खाता आमच्या चिरंजीवांनी जाहीर केलं, "बाबा, मी गाडी घेतोय. सेकंडहँड. पोलो जी.टी."

आमची सौ. धारवाडकडची. मुलाशी ती कन्नडमध्ये बोलते, मी मराठीत, आणि ज्या भाषेत उत्तर सोपं पडेल त्या भाषेत तो दोघांनाही उत्तर देतो. ती एवढंच म्हणाली, "हळे गाडी याक?" जुनी कशाला, हा तिचा प्रश्न होता. माझा प्रश्न वेगळा होता, पण तो घशातच राहिला.

चिरंजीव चोवीस वर्षांचे. हत्तरगीजवळच्या एका कारखान्यात नोकरी, म्हणजे रोज वंटमुरीचा घाट आणि तीस-पस्तीस किलोमीटर हायवे. लायसन्स मिळून दीड वर्ष झालेलं. त्या दीड वर्षात आमची जुनी वॅगन आर तो टिळकवाडीच्या रेल्वे गेटांपासून फार तर खानापूर रोडवर मच्छेपर्यंत न्यायचा. हायवेवर कंपनीच्या बसनेच जाणं-येणं. पैसे त्याचे, साठवलेले. त्यामुळे "नको" म्हणायला माझ्याकडे बापाच्या धाकाखेरीज दुसरं काही नव्हतं, आणि तो धाक चोविसाव्या वर्षी कितपत चालतो हे वाचकांना सांगायला नको.

त्याने अभ्यास मात्र पक्का केला होता. ही गाडी चाकणच्या कारखान्यात तयार व्हायची. २०२२ मध्ये पोलोचं उत्पादन आपल्याकडे थांबलं, त्यामुळे आता घ्यायची तर जुनीच. २०१३ मध्ये आलेल्या पहिल्या जी.टी.ला १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद १०५ हॉर्सपॉवर, म्हणजे आमच्या वॅगन आरच्या दीडपट. थांबलेली गाडी दहा सेकंदांच्या आत ताशी १०० चा वेग गाठते, असा कंपनीचा दावा. ही काही दोन दारांची, बसकी, सिनेमातली स्पोर्ट्स कार नव्हे. पण आपल्या मध्यमवर्गीय घरात स्पोर्ट्स कार येते ती अशीच, पाच दारांच्या साध्या गाडीच्या वेषात. नवी असताना दहा लाखांच्या आसपासची गाडी दहा वर्षांनी निम्म्या किमतीत मिळते. पगार बेताचा आणि हौस मोठी, अशा तरुणांच्या हातात ती नेमकी तेव्हाच येते.

मी गप्प का बसलो, ते आता सांगायला हवं.

१९९० साली मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होतो. नोकरी लागून वर्ष झालेलं. तोपर्यंत माझ्या हाताखालून फक्त लूना गेली होती. कोल्हापुरातून एक जुनी राजदूत ३५० स्वस्तात मिळाली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, तीस हॉर्सपॉवर. या गाडीला पेट्रोल फार लागायचं, म्हणून लोक ती विकून टाकायचे. लूनावरून मी थेट तिच्यावर बसलो. जुलैत शहापूरच्या माझ्या मित्राला मागे घेऊन जांबोटीच्या रस्त्याला लागलो. पावसाची भुरभुर होती. एका वळणावर वेग जास्त झालाय हे उशिरा कळलं, आणि वळणातच मी घाबरून ब्रेक दाबला. मला खरचटण्यावर निभावलं. मित्राचा उजवा गुडघा गेला. तो आजही पाय ओढत चालतो.

गाडीचा त्यात दोष नव्हता. पुढे-मागे ड्रम ब्रेक असलेली ती गाडी ओळखून चालवायची होती. ओळख व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ मी तिला दिला नव्हता. पण घरी आम्ही दोघांनी सांगितलं, "म्हैस आडवी आली." पस्तीस वर्षं ती म्हैस आमच्या घरात आहे. सौ.ला तीच ठाऊक, मुलालाही तीच. लहानपणी तो विचारायचा, "काका, म्हशीचं काय झालं पुढं?" आणि मित्र सांगायचा, "काही नाही रे, ती गेली निघून."

त्या रविवारी संध्याकाळी मी शहापूरला गेलो. सगळं ऐकून घेऊन मित्र म्हणाला, "गाडी घेऊ नको असं सांगशील तर तो दुसऱ्याची घेऊन चालवेल. त्याला खरं सांग की. त्या बिचाऱ्या म्हशीच्या नावावर आणखी किती दिवस खपवायचं?"

रात्री जेवणं झाल्यावर सांगितलं. सौ. उठून आत गेली. तीन दिवस माझ्याशी बेताचंच बोलली, आणि तो राग रास्तच होता. मुलगा बराच वेळ ताटाकडे बघत बसला. मग म्हणाला, "बाबा, मग मला काय करायला लागेल ते सांगा." "घेऊ नको" असं सांगायचं मी मनाशी ठरवलं होतं. पण त्याच्या त्या प्रश्नाने माझी बोलतीच बंद केली.

पुढचे दोन महिने आम्ही दोघं गाड्या बघत हिंडलो. सोबत उद्यमबागेतले आमचे जुने मेस्त्री. पहिली गाडी पुण्यात पाहिली. लखलखीत, मोठी चाकं, मीटरवर फक्त अडतीस हजार किलोमीटर. चिरंजीव खूष. मेस्त्रींनी आधी बॉनेटवर हात ठेवला. गाडी आम्ही यायच्या आधीच गरम करून ठेवलेली होती. "थंड इंजिन सुरू होताना खरं बोलतं, गरम झाल्यावर गोडगोड बोलतं," ते म्हणाले. मग ब्रेकच्या पेडलचं रबर पाहिलं, ते झिजून गुळगुळीत. अडतीस हजारात एवढं झिजत नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. या गाडीचे चारही टायर चार वेगवेगळ्या वर्षांचे निघाले. डिकीतलं स्टेपनीचं चाक काढून खालचा पत्रा पाहिला, तर वेल्डिंग नवं. वर मालक अभिमानाने सांगत होता, "कॉम्प्युटरवरून पॉवर वाढवून घेतलीय." मेस्त्री बाहेर येऊन म्हणाले, "कुणाच्या तरी हौसेची ही गाडी. आपल्याला कुणाच्या तरी काळजीची पाहिजे." इंजिनाची ताकद अशी वाढवलेली असली आणि विमा कंपनीला कळवलेलं नसलं, तर अपघातानंतर भरपाईचा वाद होऊ शकतो, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दुसरी गाडी कोल्हापुरात मिळाली. २०१६ ची, एका डॉक्टरांची. मीटरवर एकाहत्तर हजार, दारावर दोन ओरखडे, पण पहिल्या दिवसापासूनच्या सर्व्हिसिंगची बिलं फायलीत लावलेली. एबीएस, एअरबॅग, घसरताना गाडी सावरणारं ई.एस.पी., सगळं शाबूत. ती ठरली.

कागदपत्रांचा भाग आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांनी नीट वाचावा. एम.एच. ०९ ची गाडी बेळगावात कायम ठेवायची तर बारा महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यायला लागतो. त्यासाठी तिकडच्या आर.टी.ओ.चं ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८. मालकी बदलायला २९ आणि ३०. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५. इथे कर्नाटकचा आजीवन कर गाडीच्या वयाप्रमाणे भरावा लागतो आणि तो हलका नसतो. भाव ठरवतानाच तो हिशोबात धरावा. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्याला वेगळा अर्ज आणि चिकाटी लागते. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. 'नो क्लेम बोनस' जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. "सगळेच एम.एच. पाटीवर फिरतात की," असं सांगणारे पुष्कळ भेटतात, पण अपघात झाल्यावर ते भेटत नाहीत.

गाडी दारात आली तेव्हा सौ.ने नारळ फोडला, लिंबं चाकाखाली ठेवली आणि किल्ली माझ्या हातात दिली. चिरंजीवांनी मुकाट्याने ती माझ्याकडून मागून घेतली. आमचं आधीच ठरलं होतं. नव्या अलॉय व्हील्ससाठी ठेवलेल्या पैशात चार नवे टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल. पहिला महिना हायवे नाही, कामावर कंपनीची बस. पहिले तीन महिने गाडीत दोस्तमंडळी नाहीत. या शेवटच्या अटीवर तो थोडा कुरकुरला. पण गाडीत समवयस्क सोबती असले की नवख्या तरुण चालकाचा धोका वाढतो, असं परदेशांतल्या अभ्यासांत दिसून आलेलं आहे. न्यूझीलंडमध्ये आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांत नवशिक्यांना सोबती नेण्यावर बंधन आहे. ऑस्ट्रेलियाच्या काही राज्यांत तर टनामागे १३० किलोवॅटपेक्षा जास्त ताकदीची गाडी नवशिक्याला चालवताच येत नाही. यावर चिरंजीवांनी लगेच गणित करून दाखवलं, "आपली सत्तरच्या आसपास बसते बाबा. तिथं चालली असती." गणित बरोबर होतं. आपल्याकडे मात्र असं बंधनच नाही. वॅगन आर शिकून मिळालेल्या लायसन्सवर कितीही ताकदीची कार चालवता येते. कायदा जे सांगत नाही ते घरानेच सांगायचं.

रोज सकाळी सहाला आम्ही एका नव्या लेआउटमध्ये जायचो. डांबरी रस्ते झालेले, घरं अजून नाहीत. तिथे त्याला मी एकच गोष्ट करायला लावली, ती म्हणजे थांबणं. ताशी ५० वर जोरात ब्रेक दाबला तर कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण १४ मीटरमध्ये थांबते, १०० वर ५६ मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. शिवाय समोरचं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यात ५० च्या वेगाने १४ मीटर आणि १०० च्या वेगाने २८ मीटर गाडी पुढे गेलेली असते. म्हणजे एकूण २८ मीटर आणि ८४ मीटर. मेस्त्रींनी टेपने मोजून एवढ्या अंतरांवर दगड ठेवले. ८४ मीटरवरचा दगड बघून चिरंजीव गप्प झाले. शंभरने मात्र आम्ही तिथे गाडी पळवली नाही, दगड पुरेसा होता.

एबीएस लागलं की पेडल पायाखाली थरथरतं. पहिल्यांदा त्याने दचकून पाय उचलला. नवखे बहुतेक हेच करतात. पाय दाबून धरायचा आणि स्टिअरिंग फिरवून वाट काढायची, हे त्याच्या पायाला कळायला आठ दिवस लागले. टर्बोचंही तसंच. ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर काही होत नाही, म्हणून आपण आणखी दाबतो, आणि मग सगळी ताकद एकदम येते. ओव्हरटेक करताना तो एक क्षण ओळखीचा असावा लागतो. गाडी विकत घेतली की ताकद त्याच दिवशी आपली होते. ओळख मात्र हप्त्याहप्त्यानेच मिळते.

परवा मित्राने फर्माईश केली, "मला जांबोटीला ने. तुझा मुलगा चालवू दे." पस्तीस वर्षांत आम्ही दोघं त्या रस्त्याने एकत्र गेलो नव्हतो. चिरंजीव स्टिअरिंगवर, काका पुढे पाय लांब करून, मी मागे. त्या वळणाच्या थोडं अलीकडे ऊस भरलेला ट्रॅक्टर लागला, मागे दोन ट्रॉल्या, एकीलाही मागचा दिवा नाही. समोर वळण. गाडीत ताकद भरपूर होती, मागचा जीपवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. मी मागच्या सीटवर नकळत पायाने ब्रेक दाबत होतो. चिरंजीव ताशी पंधराने ट्रॅक्टरच्या मागे, अंतर ठेवून चालले.

रस्त्याच्या कडेला कन्नड पाटी होती, आपण सगळ्यांनी शंभरदा वाचलेली, 'अवसरवे अपघातक्के कारण'. लहानपणी या पाटीवरून त्याने आम्हाला सतावलं होतं. मराठीत अवसर म्हणजे सवड, मग सवडीने अपघात कसा होतो? आई सांगायची, कन्नडमध्ये अवसर म्हणजे घाई.

वळण आलं आणि गेलं. रस्ता सरळ झाला, समोर मोकळं दिसलं, तेव्हा त्याने शांतपणे ट्रॅक्टर मागे टाकला. मित्र खिडकीतून मागे बघत होता. म्हणाला, "इथंच ना रे?"

"इथंच," मी म्हणालो.

चिरंजीवांनी विचारलं, "काका, म्हैस कुठून आली होती?"

मित्र हसला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हैस गाडी चालवत होती."