पेला कोणाबरोबर?

क्लबच्या कोणत्या दिग्गजाबरोबर पेला रिचवायचा, हा प्रश्न सेल्टिक या ग्लासगोच्या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांत निघाला तर जिमी जॉनस्टोनला तोड नाही. २००२मध्ये त्यांनीच त्याला क्लबचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवलं. पठ्ठ्या विमानाला भलता घाबरायचा. १९६८मध्ये ग्लासगोत बेलग्रेडच्या रेड स्टारविरुद्ध मध्यंतराला १-१ बरोबरी होती. ‘चार गोलांनी जिंकलो तर परतीच्या सामन्यासाठी तुला बेलग्रेडला नेणार नाही,’ असा शब्द प्रशिक्षक जॉक स्टीन यांनी दिला. निकाल ५-१, दोन गोल जॉनस्टोनचे!

आमचं मत मात्र स्टीन यांना. पूर्वाश्रमीचे खाणकामगार, १९६७च्या युरोपियन कपचे शिल्पकार. दारूला शिवत नसत, एवढीच पंचाईत. चालेल, चहा मागवू. त्या कपच्या अंतिम सामन्यात इंटर मिलानला कसं हरवलं ते त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.