पाचगणीची हवा आणि मेंदूतला निळा डाग

‘सगळं शरीर एकदा तपासूनच घ्या’ या धंद्यावर मध्यंतरी लिहिलं, तेव्हा दोन डॉक्टर मित्र रागावले होते. या आठवड्यात त्यांनी माझी बाजू घ्यावी असा मासला हाती आला. एक वाचक डोकेदुखीसाठी काढलेला एमआरआय घेऊन आले. रिपोर्टच्या तळाशी ओळ होती: डीव्हीए, म्हणजे जन्मापासून वेगळ्या ठेवणीची शीर, उपचारांची गरज नाही. गोष्ट इथेच संपायची. पण कुणा शहाण्याने पुढे पेट स्कॅन करायला लावला, त्यात शिरेभोवती निळा डाग निघाला आणि आता घरात ऑपरेशनची बोलणी चालू आहेत.

डाग खोटा नाही, हे आधी सांगतो. पेट स्कॅनसाठी किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर टोचतात. मेंदूच्या पेशी ती नेहमीच्या साखरेसारखी आत ओढतात, पण पुढे पचवू शकत नाहीत. ती तिथेच अडकते आणि यंत्राला दिसते. जिथे खप कमी, तिथे निळं. 2015 साली अमेरिकेतल्या न्यूरोरेडिओलॉजीच्या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात अशा सुमारे तीन-चतुर्थांश शिरांशेजारी मेंदूचा साखरेचा वापर बिघडलेला, बहुतेक वेळा मंदावलेला दिसला. चाळिशीपुढच्यांत तर जवळजवळ सगळ्यांत. रक्ताचा निचरा सावकाश होतो, शिरेत दाब वाढतो, वयाबरोबर शेजारच्या पेशी थकतात, असा एक तर्क आहे. दुसराही आहे: शीर स्वतः साखर खातच नाही आणि चित्र काही मिलिमीटर पुसट असतं, त्यामुळे तिचा निळेपणा शेजारी पसरल्यासारखा दिसतो.

मुळात ही शीर शंभरात दोन-तीन जणांत सापडते. आमच्या पाचगणीची वस्ती पंधरा हजारांच्या घरात धरली तरी तीनशेच्या वर माणसं ती डोक्यात घेऊन टेबललँडवर फिरत असणार. बहुतेकांना ती जन्मभर कळणारही नाही.

मोजलेलं खरं आणि त्यावरून काढलेलं अनुमान फुकट, हा प्रकार पाचगणीला तरी नवा नसावा. 1912 साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी इथे बेल-एअर सॅनेटोरियम काढलं. क्षयाचे रोगी इथे येत, आराम करत, चांगलं खात, वजन वाढे. वजन काट्यावर दिसत होतं, तेव्हा हवेला श्रेय मिळालं. पुढे 1956 साली मद्रासमध्ये एक प्रयोग सुरू झाला. क्षयरोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियमच्या खाटेवर, सकस आहारावर. दुसरा स्वतःच्या दाटीवाटीच्या घरात, मिळेल त्या भातावर. औषधं मात्र दोघांना सारखीच. 1959 साली निकाल आला. सॅनेटोरियमवाल्यांचं वजन घरच्यांपेक्षा कितीतरी जास्त वाढलं होतं; बरं होण्याचं प्रमाण मात्र जवळपास सारखंच. काटा खोटं बोलला नव्हता, पण रोगी बरा होतोय की नाही हे त्याच्याकडून कळणार नव्हतं. जगभरची सॅनेटोरियमं त्यानंतर ओस पडत गेली. (आमच्याकडे त्यांच्या जागी रिसॉर्ट आले आणि हवा अजून विकलीच जाते.)

निळ्या डागाची स्थिती त्या काट्यासारखीच आहे. त्या भागात साखर कमी दिसते, एवढंच तो सांगतो. डोकं त्यानेच दुखतं म्हणायचं तर तशीच शीर, तसाच डाग असून डोकं न दुखणाऱ्यांशी ताडून पाहावं लागेल. ते कुणी केलं? तपासणीची पत्रकं छापणाऱ्यांनी तर नक्कीच नाही.

या मोजणीचा उपयोग आहे, पण दुसरीकडे. फिट येणाऱ्या रुग्णाच्या मेंदूतली खोड कुठे आहे ते शोधताना, किंवा स्मृतिभ्रंशाची तपासणी करताना, असा डाग दिसला की डॉक्टर फसू शकतो. शेजारी शीर आहे हे एमआरआयवर पाहिलं तर फसगत टळते. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 साली देशातलं पहिलं पेट यंत्र आलं ते आजाऱ्यांसाठी, हौसेच्या तपासणीसाठी नव्हे. त्या फ्लोरिनचं आयुष्यही बेताचं: दर 110 मिनिटांना निम्मं उरतं. शनिवारी पुण्याहून पाचगणीला निघालं तर पसरणीच्या घाटातल्या कोंडीतच त्याचा बराचसा निकाल लागायचा.

त्या वाचकांना जे सांगितलं तेच इथे लिहितो. ही शीर वेडीवाकडी असली तरी आजूबाजूच्या निरोगी मेंदूचं रक्त तीच वाहून नेते. ती काढली किंवा बंद केली तर रक्त तुंबून तो भाग मरू शकतो. शेजारी कॅव्हर्नोमा नावाचा रक्तवाहिन्यांचा गुच्छ आहे का, तेवढं एमआरआयमध्ये पाहिलं आहे ना, हे न्यूरॉलॉजिस्टला विचारा. असला तर त्या गुच्छाचा विचार वेगळा होतो. तेव्हाही शिरेला हात लावत नाहीत. पेटचा कागद फाइलमध्ये ठेवा, डोकेदुखीवर इलाज करून घ्या आणि या शिरेच्या ऑपरेशनची तारीख कुणी दिली असेल तर ती आजच रद्द करा.