प्रश्न गोऱ्ह्याचा आहे

दूधही वर्ज्य मानणाऱ्या व्हीगन तरुणाची जालन्यासारख्या श्रद्धाळू जिल्ह्यात टवाळीच होते. पंचामृत नाकारणारा हा कसला अहिंसक? १९४४ साली ब्रिटनमध्ये निघालेले हे खूळ! शब्द विलायती खराच. प्रश्न मात्र आपल्याच गोठ्यातला आहे. वसुबारसेचे व्रत करणारी गृहिणी त्या दिवशी गाईचे दूध-तूप घेत नाही. वासराचा हक्क आधी, हेच ती सांगत असते. उरलेल्या दिवसांचे काय? ट्रॅक्टर आल्यावर निकामी ठरलेला गोऱ्हा जातो कुठे?

मार्च २०१५मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळून राज्यात गाईंप्रमाणेच वळू-बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. योग्यच झाले. पण कायदा कडबा पुरवीत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्यात माणसांनाच टँकरचे पाणी होते. भाकड जनावर कुणाच्या जिवावर जगावे? शहरातील गुरु गणेश तपोधामाची गोशाळा असा भार वाहते. पोळ्याला बैल ओवाळणाऱ्या किती घरांनी गोशाळेत एका जनावराचा वर्षाचा चारा पोचवला? व्हीगन माणूस निदान आपल्या ताटापुरते उत्तर देतो. दूध पिणाऱ्यांनी त्या गाईच्या म्हातारपणाचा खर्च उचलावा, आणि मग त्याच्याशी खुशाल वाद घालावा.